गाडीतून पंधरा दिवस फिरताना धुण्याचं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न असा की दिवाळीच्या सुट्टीत भाड्याची ट्रॅव्हलर आणि दोन टेंट घेऊन तुम्ही दोघं, नऊ आणि सहा वर्षांची मुलं आणि सासूबाई असे पाच जण १४ दिवस निघणार, सोलापूर, कोल्हापूर, आंबोली, वेंगुर्ला, गोकर्ण, बदामी, विजापूर करून परत, तर चौदा दिवसांचे कपडे भरून न्यायचे का वाटेत धुवायचे, धुवायचे तर कुठं वाळवायचे, आणि सासूबाई म्हणतात तशा पाच सोलापुरी चादरी घ्यायच्या का. जरा सविस्तर सांगतो, कारण याच्यावर नीट कुणी बोलत नाही आणि सहल बिघडते ती बऱ्याचदा याच्यानंच. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल प्रोसेसिंगला २२ वर्षं काढली, मधे सहा वर्षं आळंदी ते पंढरपूर एका दिंडीच्या सामानाच्या ट्रकबरोबर होतो, आणि आता गेली ११ वर्षं आम्ही दोघं गाडीत मागं झोपायची सोय करून वर्षातनं दोनदा तरी बाहेर पडतो. म्हणजे कपडा, पाणी आणि दोरी या तीन गोष्टींतच आयुष्य गेलंय म्हणा.

पहिली गोष्ट जी सोलापूरच्या माणसाला पटतच नाही ती म्हणजे धुणं अवघड नसतं, वाळवणं अवघड असतं. आपल्याकडं सकाळी नऊला जाडजूड टॉवेल दोरीवर टाकला की जेवायच्या आत कडकडीत, उन्हाळ्यात तर तासाभरात, एक बाजू वाळंपर्यंत दुसरी बाजू वाळलेली असते. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं आपलं गाव, हवा कायम कोरडी, त्यामुळं वाळवणं हे काम आहे हेच आपल्या डोक्यात नसतं. तोच टॉवेल वेंगुर्ल्यात समुद्रापासून दोनशे पावलांवर टाका, संध्याकाळी हाताला गार लागतो, रात्री दव पडतं आणि सकाळी तो आदल्या दिवशीपेक्षा जास्त ओला असतो. हवेतच आधी एवढं बाष्प भरलेलं असतं की कपड्यातलं पाणी जाणार कुठं.

आमची पहिली मोठी ट्रिप गणपतीनंतर लगेच होती, सप्टेंबरात, देवगडच्या बाजूला. सोबत एक चादर होती, सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घरच्या मागावर वडिलांनी काढलेली, तपकिरी आणि पांढरी, मोराची. रात्री टेंटमध्ये पाणी आलं आणि ती भिजली. मी आपला सोलापूरच्या हिशेबानं सकाळी दोन झाडांच्या मधे टाकली, दुपारी सर आली, काढली, परत टाकली, परत सर आली. तिसऱ्या दिवशी निघायचं होतं म्हणून प्लास्टिकच्या पोत्यात घालून मागं टाकली आणि घरी येऊन पाचव्या दिवशी उघडली तर सगळ्या पांढऱ्या भागावर बारीक काळे ठिपके, बुरशीचे. वास गेला, ठिपके गेले नाहीत, रंगीत सुतावर ब्लीच चालवता येत नाही. अजून ती चादर कपाटात आहे. म्हणून हे सगळं मी एवढं जीव तोडून सांगतोय.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगतो, तीच या सगळ्याची चावी आहे. आमच्याकडं रंगवून धुऊन झालेला माल कधीही थेट वाळवायला जात नसे, आधी हायड्रोत जायचा. हायड्रो म्हणजे मोठा गोल पिंजरा, जोरात फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो, घरच्या मशीनचा ड्रायर असतो तसाच पण अजस्र. का, तर एक लिटर पाणी उष्णतेनं उडवायचं म्हटलं तर साधारण ०.६५ युनिट विजेएवढी ऊर्जा लागते, तेच पाणी फिरवून फेकलं तर त्याच्या मानानं जवळजवळ फुकट जातं. मालक हायड्रोचं मशीन बंद असलं की बॉयलरच्या इंधनाच्या काळजीनं येरझाऱ्या घालायचे. तुमचं उन्ह म्हणजे तुमचा बॉयलर, आणि कोकणात तो मंद असतो. म्हणून कपडा दोरीवर जाताना जितका कमी ओला जाईल तितकी ट्रिप सुखाची, बाकी साबण कुठला, पाणी गरम का गार, हे सगळं नंतर.

मी एकदा घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बघितलं होतं. अर्ध्या किलोचा टॉवेल, भिजवून हातानं जीव लावून पिळला तरी अकराशे ग्रॅम भरला, म्हणजे सहाशे ग्रॅम पाणी आतच. तोच ड्रायरला तीन मिनिटं फिरवला तर आठशेच्या खाली आला. पाच जणांचे पाच टॉवेल म्हणजे हातानं पिळून तीन लिटर पाणी तुम्ही दोरीवर टांगताय, आणि ते दमट हवेत उडणार अशी आशा करताय.

मग ट्रिपमध्ये हायड्रो कुठनं आणायचा, तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे कोकणात, गोकर्णला, कुठंही जिथं टेंट लावाल तिथं जवळपास घर असतं, होमस्टे असतो, आणि सेमी ऑटोमॅटिक मशीन आता बहुतेक घरात असतं. त्यांना 'कपडे धुऊन द्या' म्हणू नका, फक्त विचारा, वहिनी, आमचे धुतलेले कपडे पाच मिनिटं ड्रायरला फिरवून घेऊ का, विजेचे पैसे देतो. आम्हाला आजपर्यंत एकाही घरानं नाही म्हटलं नाही, उलट एका आजींनी कपडे फिरेपर्यंत चहा दिला. लोकांना पूर्ण धुणं नको असतं, पाच मिनिटांचा ड्रायर कुणालाही चालतो. परत निघताना शेंगा चटणीचं एक पाकीट द्या, सोलापूरचं म्हटल्यावर लोक खूष होतात, आम्ही प्रत्येक ट्रिपला दहा पाकिटं त्यासाठीच नेतो.

दुसरा मार्ग जिथं घर नाही तिथला, पंच्यात गुंडाळून पिळायचा. हे नीट करा, घाईत केलं तर उपयोग नाही. कोरडा सुती पंचा चटईवर पसरायचा, त्याच्यावर हातानं एकदा पिळलेला शर्ट सपाट ठेवायचा, बाह्या आत घ्यायच्या, मग दोन्हीची मिळून घट्ट गुंडाळी करायची, जशी आळूवडीची करतो तशी, हवा राहू द्यायची नाही. मग गुंडाळीवर गुडघे टेकून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जायचं, पाणी शर्टातनं पंच्यात जातं हे तुम्हाला गुडघ्याला कळतं, खालून गार लागायला लागतं. मग तशीच गुंडाळी दोघांनी दोन टोकं धरून पिळायची. उघडल्यावर शर्ट फक्त ओलसर राहतो, इस्त्रीला पाणी मारल्यासारखा, आणि पंचा भिजतो, पण पंचा पातळ असल्यानं वाऱ्यावर पटकन वाळतो. एका पंच्यात तीन छोटे कपडे होतात. आमच्याकडं यासाठी चार पंचे वेगळे असतात, अंग पुसायचे वेगळे.

पंच्यावरनं आठवलं, टेरी टॉवेल घरी ठेवा. माझं घर टॉवेलवर चाललं, मुलीचं शिक्षण टॉवेलवर झालं आणि इथल्या टेरी टॉवेलसारखा टॉवेल मी कुठं बघितला नाही, तरी सांगतो, टेंटच्या ट्रिपला त्याचं काम नाही. त्याच्यावर जी गुंड्यांची लव असते ती पाणी ओढायलाच केलेली असते, ती पाणी सहजी सोडत नाही. पाच जणांना प्रत्येकी दोन पंचे घ्या, बास.

कपडे कुठले घ्यायचे ते पण वाळण्यावरच ठरवा. प्रमाणित हवेत, म्हणजे मोजमापासाठी ठरवून दिलेल्या तापमानाच्या आणि दमटपणाच्या हवेत, नुसता ठेवलेला सुती कपडा सुद्धा वजनाच्या साडेआठ टक्के ओल स्वतःच्या धाग्यात धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्का सुद्धा नाही, ०.४ च्या आसपास. भिजल्यावर सुताच्या धाग्याच्या आत पाणी शिरतं, पॉलिएस्टरच्या फक्त बाहेरनं चिकटतं, म्हणून खेळाचे टीशर्ट झटकले तरी निम्मे वाळतात. मुलांना तसल्या टीशर्ट चड्ड्या द्या, फक्त आतले कपडे आणि झोपायचे कपडे सुती ठेवा कारण कोकणातल्या घामात नुसतं पॉलिएस्टर अंगाला चावतं आणि वास लवकर धरतं. जीन्स कुणालाच नको, अंगावर एक असली तर असू दे, ती धुवायची नाही. सासूबाई सुती नऊवारी नेसत असतील आणि बदलणार नसतील तर बदलायला लावू नका, त्याला उपाय आहे. वारीत मी बायका बघितल्यात, माळशिरसच्या पुढं वाटेत विहिरीवर लुगडं धुतलं की दोघी दोन टोकं धरून रस्त्याच्या कडेला वाऱ्याच्या तोंडाला उभ्या राहायच्या, लुगडं शिडासारखं फुगायचं, अभंग म्हणत म्हणत पंधरावीस मिनिटांत नेसण्याजोगं व्हायचं आणि परत दिंडीत सामील. ज्येष्ठ आषाढाच्या हवेत. वारा हा उन्हापेक्षा मोठा आहे हे मी तिथं शिकलो. गाडी सावलीत लावा पण दोरी वाऱ्यात बांधा.

आता मापं. प्रत्येकी अंगावरचा धरून चार जोड, मुलांना पाच, आतले कपडे सहा. चौदा दिवसांचे चौदा जोड पाच जणांचे म्हणजे सत्तर जोड, ट्रॅव्हलरमध्ये बसायला जागा राहणार नाही आणि शेवटी मळलेल्यांचं गाठोडं उरावर घेऊन फिराल. रोज धुवायची पण गरज नाही. तुमच्या रस्त्याप्रमाणं मी असं करीन: पहिले दोन दिवस काही धुवायचं नाही. कोल्हापूरला मोठं धुणं, तिथं सरळ किलोवर घेणाऱ्या लॉन्ड्रीत टाका, संध्याकाळी देऊन दुसऱ्या दिवशी मिळतात, आधी विचारून घ्या इस्त्रीसकट का नुसते धुऊन. आंबोलीला एक टाचणी सुद्धा धुवू नका, तिथं दिवाळीत पण सकाळी धुकं असतं. घाट उतरून वेंगुर्ला गोकर्ण या पाच सहा दिवसांत रोज थोडं थोडं, फक्त आतले कपडे, मुलांचे आणि पंचे, सकाळी दहाच्या आत दोरीवर जायला पाहिजेत आणि चार साडेचारला काढायचेच, वाळले असोत नसोत, कारण नंतर दव. मग गोकर्णहून अंकोला करून यल्लापूरचा घाट चढला आणि हुबळीकडं आलात की हवा आपली झाली, तुम्हाला ओठांना कळेल. बदामीला दुसरं मोठं धुणं, तिथं दगड तापलेले असतात, दोन तासांत सगळं वाळतं. तिथनं पुढं विजापूर आणि घर, काहीच धुवायला नको.

धुवायची पद्धत. आपण सोलापूरकर पाण्याच्या बाबतीत तयार आहोत, चार पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात वाढलोय, त्यामुळं हे तुम्हाला येतच असेल तरी सांगतो. गाडीच्या टाकीत १०० लिटर असलं तर ते १०० किलो वजन आहे आणि त्यात पिणं सोडून स्वयंपाक, भांडी, हातपाय सगळं आलं, धुण्याच्या वाट्याला दिवसाला २५ लिटर धरा. एक बादली साबणाची १० लिटर, मग ७-८ लिटरच्या दोन बादल्या विसळायला. दुसरं विसळलेलं पाणी फेकायचं नाही, त्याच पाण्यात निरमा टाकून पुढच्या खेपेचे कपडे भिजवायचे. कारखान्यात पण आम्ही हेच करायचो, शेवटचं स्वच्छ पाणी मागच्या टाकीला फिरवायचो. क्रम असा की आधी आतले आणि फिके, मग रंगीत, मग गडद, सगळ्यात शेवटी मोजे आणि पाय पुसणी.

आणि निरमा कमी टाका. १० लिटरला सपाट एक चमचा, पोह्याचा नाही, जेवणाच्या टेबलावरचा मोठा चमचा असतो तो. फेस जास्त म्हणजे स्वच्छ जास्त असं नसतं, जास्तीच्या प्रत्येक चमच्याला एक बादली पाणी विसळायला जातं आणि नीट न निघालेला साबण कपड्यात राहिला की तो ओल धरतो, अंगाला खाज येते ते वेगळंच. जिथं बोअरचं जड पाणी असेल, फेसच येत नसेल, तिथं निरमा वाढवायचा नाही, चिमूटभर धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवायचा, पाण्यातला चुना खाली बसतो मग साबण काम करतो. खायचा सोडा वेगळा, गल्लत करू नका, धुण्याच्या सोड्यानं हात जळजळतात, मुलांपासून लांब ठेवा. पावडर कोकणात डब्यात दगड होते म्हणून आम्ही लिक्विड नेतो रुंद तोंडाच्या बाटलीत, आणि कॉलरला एक वडी.

आता आमची सगळ्यात आवडती युक्ती, घाटातली बादली. २० लिटरची झाकणाची बादली घ्या, फिरकीचं झाकण आणि आत रबर असलेली, बाजारात धान्याच्या डब्यांच्या दुकानात मिळते. सकाळी निघताना त्यात एक तृतीयांश कपडे, निम्म्याच्या खाली पाणी, अर्धा चमचा लिक्विड, झाकण घट्ट. गाडीच्या मागच्या बाजूला खालीच, सीटच्या पायाला जुन्या ट्यूबच्या पट्टीनं दोन ठिकाणी बांधायची. गाडी वळणावर हलते, खड्ड्यात आदळते, कपडे आत डुचमळतात, दोन अडीच तासांनी उघडलं की मुलांच्या गुडघ्याचे डाग सुद्धा निघालेले असतात. निम्मी बादली रिकामी ठेवणं महत्त्वाचं आहे, गच्च भरली तर कपडे हलतच नाहीत, नुसते भिजतात. गरम पाणी घालायचं नाही, बंद झाकणात फुगतं आणि उघडताना अंगावर येतं. टपावर ठेवायची नाही, न बांधता तर मुळीच नाही, ब्रेक मारला की १५ किलोचा गोळा पुढं येतो आणि पुढं मुलं बसलेली असतात. आणि दुपारपर्यंत काढायचीच, रात्रभर बंद राहिली तर कुबट वास बसतो.

डागांचं थोडं. कोकणातली लाल माती ओली असताना चोळली की ती धाग्यात आत जाते आणि मग कायमची, ती आधी वाळू द्यायची, झटकायची, ब्रशनं कोरडीच काढायची, मग पाणी. समुद्रातली वाळू पण तशीच, ओल्या कपड्यातनं दहा बादल्या पाणी घालून निघत नाही आणि वाळल्यावर एका झटक्यात निघते. समुद्राच्या पाण्यात साबण लावायला जाऊ नका, फेस येत नाही, फुटतो. आणि समुद्रात भिजलेला कपडा गोड्या पाण्यात एकदा तरी खळबळून काढलाच पाहिजे, कारण मीठ हवेतली ओल ओढत राहतं, तो कपडा वाळलाय असं वाटतं आणि संध्याकाळी परत चिकट होतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, बायका घाबरतात, घाबरू नका, तो साबणाच्या खारामुळं होतो, विसळला की परत पिवळा होतो आणि नंतर उन्हात ठेवला की दिवसभरात उडतो. हळद उन्हाला टिकत नाही. तेलाच्या डागाला भांड्याचं लिक्विड थेंबभर, कोरड्यावरच.

दोरी कशी बांधायची हे लोक विचारत नाहीत आणि तिथंच चुकतात. नायलॉनच्या एका दोरीवर चिमटे लावले तर वाऱ्यात निम्मे कपडे खाली. दिंडीच्या ट्रकवर आमच्याकडं चिमटे नव्हतेच. दोरी दुप्पट घ्यायची, एक टोक झाडाला, मग दोन्ही पदर एकमेकांवर चांगला पीळ द्यायचा आणि ताणून दुसऱ्या टोकाला बांधायची. आता पिळाच्या मधे बोटानं फट करून कपड्याचा कोपरा त्यात अडकवायचा, पीळच त्याला धरून ठेवतो. शंभर जणांची धोतरं मी अशी वाऱ्यात फडफडताना बघितलीत, एक सुटलं नाही. शर्ट मधोमध दोरीवर घडी घालून टाकू नका, खालच्या कडेनं टांगा, आतनं वारा गेला पाहिजे. टेंटच्या आत किंवा गाडीत काचा लावून ओले कपडे टांगायचे नाहीत, ते पाणी रात्री काचेवर आणि टेंटच्या कापडावर बसतं आणि पहाटे तुमच्या अंथरुणावर टपकतं.

आतल्या कपड्यांचं बोलतो कारण ताई तुम्ही विचारलं नाही पण अडचण तीच असते. उघड्यावर टाकायला लाज वाटते म्हणून बायका ते टेंटमध्ये पिशवीखाली, सीटखाली वाळवतात, ते वाळत नाहीत आणि तसेच घातले की गजकर्ण होतं, प्रवासात ते निस्तरणं फार त्रासाचं. माझी बायको दोन दोऱ्या बांधते, हातभर अंतरावर, बाहेरच्या दोरीवर पातळ पंचे, आतल्या दोरीवर आतले कपडे. पंच्यातनं उजेड आणि वारा दोन्ही जातात, कुणाला काही दिसत नाही. सहा वर्षांचं लेकरू झोपेत कधी अंथरूण ओलं करत असेल तर गादीवर रेक्झिनचा तुकडा टाका, स्लीपिंग बॅग धुवायची वेळ येऊ देऊ नका, ती दोन दिवस वाळत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. नदीत, ओढ्यात, तलावात, धबधब्याखाली साबण लावू नका, आणि 'आमचा साबण नैसर्गिक आहे' म्हणून तर अजिबात नको, तो सुद्धा मातीत जिरूनच मोडतो. आपण रोज उजनीचं पाणी पितो, उन्हाळ्यात ते हिरवं होतं, चंद्रभागेत जलपर्णी माजते, ते काय आकाशातनं पडत नाही, वरच्या बाजूच्या शहरांचं, घराघराचं सांडपाणी आहे त्यात. बादलीत पाणी घ्या, काठापासून ६० मीटर, म्हणजे मोठी ८० पावलं लांब या, तिथं धुवा आणि मळकं पाणी एका जागी न ओतता झाडीत शिंपडून टाका. आंबोलीच्या ओढ्यात बेडकांच्या अशा जाती आहेत की ज्या जगात फार थोड्या जागी सापडतात, त्यांना आपल्या मोज्यांचं पाणी नको.

आपल्या राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतल्या, पर्यटनाचं धोरण काढलं, पण धुण्याची सोय गृहीत धरून निघू नका. बाहेर कसं असतं ते सांगतो. मुलगी न्यूझीलंडला असते, तिच्याबरोबर आम्ही कॅम्परव्हॅननं दक्षिण बेट फिरलो. तिथं हॉलिडे पार्कमध्ये धुण्याची खोलीच असते, नाणी टाकून मशीन, शेजारी गरम हवेचा ड्रायर, आपला फिरवायचा नव्हे, बाहेर दोऱ्या. आणि बाहेर रानात मुक्काम करायचा तर बऱ्याच ठिकाणी गाडी अशी लागते की तीन दिवसांचं सांडपाणी तिच्यातच मावेल, मग ते ठरलेल्या जागीच रिकामं करायचं. मी त्या खोलीत उभा राहून बघत होतो, आलेला प्रत्येक जण कपडे मशीनमधनं काढून ड्रायरच्या आधी परत एकदा जोरात फिरवून घेत होता. ड्रायर मिनिटावर पैसे खातो ना. आमचा हायड्रोवाला मला तिथं आठवला.

छोटं विजेवरचं स्पिनर घ्यावं का असं पण लोक विचारतात. वीज मिळणाऱ्या ठिकाणी रोज मुक्काम असेल तर घ्या, गाडीच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका. तुमच्या या एका ट्रिपसाठी मला गरज वाटत नाही. आणि एखादा कपडा कुबट झालाच तर अर्धा तास गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवून ठेवा, मग साधं धुऊन कडक उन्हात, वास जातो. लोकरीचं किंवा रेशमी असेल तर हे करू नका.

राहिल्या सासूबाईंच्या चादरी. आपली जेकार्डची, म्हणजे नक्षी विणून काढणाऱ्या मागावरची, चादर दुपदरी विणलेली असते, म्हणून दोन्ही बाजूंनी नक्षी दिसते आणि म्हणूनच ती ऊब देते, पण भिजली की त्या दोन पदरांच्या मधे पाणी बसतं ते बाहेर यायला मागत नाही. पाच नेऊ नका. दोन न्या, सासूबाईंना एक आणि मुलांना मिळून एक, बाकीच्यांना पातळ पॉलिएस्टरचं ब्लँकेट. दोन्ही चादरी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, गाडीच्या आत, टेंटमध्ये न्यायच्याच नाहीत, आंबोलीला थंडी वाजली तर गाडीत बसूनच पांघरा. वेंगुर्ला गोकर्णला पिशवी उघडू नका. बदामीला पोचलात की दुपारी दोन्ही काढून तापलेल्या दगडावर तासभर पसरा, उलट्या करून अजून अर्धा तास, आणि त्या रात्री बाहेर उघड्यावर सासूबाईंना त्यांची चादर द्या, तिथं नोव्हेंबरात पहाटे छान गारवा असतो.